फांदीचा हक्क आणि लाकडी चमच्याचे अर्थकारण



ग्रामीण हस्तोद्योगांची चर्चा सुरू झाली की भांडवल, प्रशिक्षण आणि बाजारपेठ हे तीन शब्द ठरलेल्या क्रमाने येतात. कच्च्या मालाचा उल्लेख झालाच तर तो शेवटी आणि ओझरता होतो. लाकडी चमचा, पळी, चाटू, वाडगा, काठवट यांसारखी हाताने कोरलेली भांडी हा या चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित विषय म्हणावा लागेल. वस्तू लहान, किंमत थोडी आणि कारागीर विखुरलेले. त्यामुळे नियोजनकारांचे लक्ष तिकडे सहसा वळत नाही. परंतु या लहानशा वस्तूचा हिशेब बारकाईने मांडला तर एक मोठी गोष्ट स्पष्ट होते. लाकडावर काम करणाऱ्या कारागिराचे उत्पन्न त्याच्या कौशल्यावर आणि बाजारभावावर अवलंबून असतेच; परंतु त्याहूनही अधिक ते मनगटाएवढ्या जाडीच्या एका फांदीवर त्याचा कायदेशीर हक्क आहे की नाही, यावर अवलंबून असते.

उघड्यावरचा कारखाना

हाताने चमचा कोरण्याच्या उद्योगाला इमारत लागत नाही, वीज लागत नाही आणि लाकूड सुकवण्याची भट्टीही लागत नाही. झाडाची सावली, बसायला दगड किंवा ओंडका आणि तीन-चार अवजारे एवढ्यावर काम सुरू होते. करवतीने फांदीचा तुकडा कापायचा, कुऱ्हाडीने तो उभा चिरायचा, वाकसाने ओबडधोबड आकार द्यायचा आणि टोकाशी वळवलेल्या पात्याच्या सुरीने चमच्याची खोलगट बाजू कोरून काढायची, असा हा क्रम असतो. शेवटी कानस आणि तेल.

या कामामागे पक्के शास्त्र आहे. ताज्या तोडलेल्या फांदीत पाण्याचा अंश भरपूर असतो आणि त्यामुळे ती मऊ असते; तेच लाकूड वाळल्यावर कठीण होते व हाताच्या सुरीला दाद देत नाही. म्हणून कोरण्याचे मुख्य काम लाकूड ओले असतानाच उरकावे लागते. लाकूड वाळताना आक्रसते. वर्तुळाकार वाढरेषांच्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडून सालीच्या दिशेने आक्रसते. या असमान आकुंचनामुळे अखंड फांदी वाळताना तडकते. अनुभवी कारागीर फांदी उभी चिरून मधला गाभा काढून टाकतो तो याचसाठी. करवतीने कापण्याऐवजी चिरल्यामुळे तंतू दांड्याच्या लांबीभर सलग राहतात आणि बारीक दांडाही मोडत नाही. अर्धवट कोरलेली भांडी त्यांच्याच ढलप्यांत झाकून सावलीत सावकाश वाळवली जातात. कोणते लाकूड अन्नाला चालते आणि कोणते नाही, हेही ज्ञान या परंपरेचाच भाग आहे. कण्हेरीसारख्या विषारी झाडाची फांदी चमच्यासाठी वापरायची नाही, हे कारागिराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा अत्यल्प भांडवलाचा आणि अधिक श्रमाचा उद्योग आहे. रोजगारनिर्मितीच्या दृष्टीने ही त्याची जमेची बाजू ठरते. मात्र ओल्या लाकडाची अट त्याची दुसरी बाजूही दाखवते. कारागिराला वर्षभराचे लाकूड एकदाच घेऊन साठवता येत नाही. त्याला थोडे थोडे, पण नियमितपणे ताजे लाकूड लागते. पुरवठ्यात खंड पडला की काम थांबते.

बलुत्यातील लाकूड

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथामुळे बलुतेदारीची रचना मराठी वाचकाला परिचित आहे. सुतार हा त्या रचनेतील एक प्रमुख बलुतेदार. नांगर, वखर यांबरोबर घरातील काठवट, रवी, पोळपाट-लाटणे, मुसळ अशा वस्तूही त्याच्याच हातून होत. या व्यवस्थेत लाकूड सामान्यतः शेतकऱ्याचे असे. बांधावरची बाभूळ शेतकऱ्याची आणि तिच्यावर चालणारी वाकस सुताराची. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे.

या व्यवस्थेतील जातिबद्धता आणि विषमता यांचे समर्थन कोणीही करणार नाही. पण तिचे एक आर्थिक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. कारागिराला कच्च्या मालात भांडवल गुंतवावे लागत नव्हते आणि लाकूड मिळवण्याची जोखीमही त्याच्यावर नव्हती. बलुते मोडले, रोखीचा व्यवहार आला, तेव्हा कारागिराला स्वातंत्र्य मिळाले. परंतु त्याच वेळी लाकूड शोधणे, विकत घेणे, वाहून आणणे आणि त्याच्या वैधतेची कागदपत्रे सांभाळणे ही सारी कामे त्याच्या वाट्याला आली. त्याच सुमारास स्टील, ॲल्युमिनियम आणि पुढे प्लॅस्टिकची भांडी स्वयंपाकघरात शिरली. हस्तोद्योगाच्या पीछेहाटीचे सारे श्रेय या नव्या भांड्यांना देण्याची प्रथा आहे. ते निदान अपुरे आहे.

उदयगिरीचा अनुभव

आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात पूर्व घाटाच्या रांगेत उदयगिरी हे गाव आहे. कृष्णदेवरायाने १५१४ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर गजपतींकडून जिंकलेला किल्ला ही त्याची इतिहासातील ओळख. आजची त्याची ओळख मात्र लाकडी चमच्यांची आहे. येथील कारागीर कुटुंबे आसपासच्या डोंगरांतील लाकडापासून चमचे, काटे, पळ्या आणि नक्षीदार दांड्यांची लहान भांडी मुख्यतः हातअवजारांनी घडवत आली आहेत. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. घरकाम सांभाळून ओसरीवर किंवा अंगणात करता येण्याजोगा हा व्यवसाय असल्यामुळे, स्त्रीच्या हातात थेट पैसा देणारे जे थोडे ग्रामीण उद्योग आहेत त्यांत त्याची गणना करावी लागेल.

१९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यानुसार 'उदयगिरी लाकडी कटलरी'ची नोंदणी झालेली आहे. या नोंदणीने परंपरेला प्रतिष्ठा मिळाली आणि अन्यत्र बनलेला माल या नावाने विकण्यास कायद्याने प्रतिबंध झाला. पण मानांकन नावाला संरक्षण देते, फांदीला नाही. उदयगिरीचा परिसर ज्या वनप्रदेशात येतो, तेथेच रक्तचंदनाचा नैसर्गिक अधिवास आहे. १९९५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत असलेल्या या वृक्षाची तस्करी ही तेथील वनखात्यापुढील गंभीर समस्या आहे. अशा प्रदेशात लाकूड घेऊन डोंगर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले गेले तर नवल नाही. तस्कराचा ओंडका आणि चमचा कोरणाऱ्या स्त्रीची मोळी यांत फरक करणारी सोपी, लेखी व्यवस्था असेल तरच मानांकनाचा लाभ तिच्या घरापर्यंत पोहोचेल.

लाकडी खेळण्यांच्या दोन प्रसिद्ध केंद्रांचा दाखला येथे उपयोगी आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या मऊ, हस्तिदंती रंगाच्या लाकडावर उभी आहेत. आंध्रातील कोंडपल्लीची खेळणी 'तेल्ला पोणिकी' या हलक्या लाकडावर. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही ठरावीक जातीच्या झाडाचा पुरवठा आटला की त्या कलेचा श्वास कोंडतो, ही कोंडपल्लीच्या कारागिरांची चिंता जुनीच आहे. एका जातीच्या झाडावर विसंबलेल्या कलेला त्या झाडाची लागवड हाच खरा विमा होय.

कुमाऊँचे हिवाळी तळ

उघड्यावर तळ टाकून लाकडी भांडी घडवण्याचे आणखी जुने उदाहरण उत्तराखंडात आहे. कुमाऊँमधील चुन्यार समाजाचे कारागीर हिवाळ्यात डोंगर उतरून भाबरच्या जंगलपट्ट्यात येत. वाहत्या ओढ्याकाठी झोपडी उभारून, पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या लाकडी चक्रावर खराद चालवत आणि सांदणासारख्या, म्हणजे आपल्याकडील तिवसाच्या, लाकडापासून दह्याची 'ठेकी', मापाची 'नाली' अशी भांडी कातून काढत. उन्हाळा जवळ आला की तयार माल घेऊन ते परतत. विजेची तार नसलेल्या ठिकाणी ऊर्जेवर चालणारा हा कारखाना होता. आणि त्याचे इंधन होते केवळ वाहते पाणी.

या भांड्यांचे स्थान किती मध्यवर्ती होते, हे एका गोष्टीवरून कळते. उत्तराखंडात जमीन आजही 'नाली'मध्ये मोजली जाते. ५० नाली म्हणजे सुमारे १ हेक्टर. एका नालीभर बियाणे जेवढ्या जमिनीत पेरता येई, तेवढी जमीन एक नाली. लाकडी भांड्याने जमिनीच्या मोजमापाला नाव दिले. ते नाव महसुली दप्तरात टिकले. भांडी घडवणारे हात मात्र अगदी मोजके उरले आहेत. ठरावीक जातीचे लाकूड वनखात्याच्या परवानगीने मिळवणे आणि हंगामापुरता ओढ्याकाठी तळ टाकू देणे या दोन गोष्टींवर हा व्यवसाय अवलंबून होता. स्टीलच्या भांड्यांनी मागणी कमी केली, हे खरे. पण उरलेली मागणी पुरवण्याची वाटही अरुंद झाली.

बुंधा आणि फांदी

प्रश्नाचे मूळ कायद्याच्या परिभाषेत आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने इमारती लाकडाची जी व्याख्या केली, तिच्यात पडलेली वा पाडलेली झाडे तर येतातच. शिवाय कापलेले, घडवलेले किंवा पोखरलेले सर्व लाकूडही येते. अक्षरशः वाचले तर कोरलेला चमचासुद्धा या व्याख्येत बसतो! राज्यांचे स्वतंत्र कायदे व सवलती आहेत आणि प्रत्यक्षात चमच्यासाठी कोणी वाहतूक परवाना मागत नसेल; पण फांदीचा तुकडा आणि सागाचा बुंधा एकाच शब्दाने ओळखणाऱ्या दृष्टीची ही खूण आहे. वसाहतकालीन वनप्रशासनाला रेल्वे व जहाजबांधणीसाठी बुंधा हवा होता. त्यामुळे त्याची मोजमापे बुंध्याची झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दृष्टी हळूहळू बदलली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोल आणि स्थानिक लोकांच्या गरजा यांना अग्रक्रम दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोत्पादनावर वननिवासी समाजाची मालकी मान्य केली आणि त्याच्या व्याख्येत बांबू, वेत, मध, तेंदूपाने यांबरोबर झाडोरा आणि खुंट यांचाही नावानिशी समावेश केला. २०१२ च्या सुधारित नियमांनी गौण वनोत्पादनाच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, ही घटना या दृष्टीने ऐतिहासिक होय. त्यानंतर २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजेच व्याख्या बदलता येते आणि ती बदलली की शेतकऱ्याचा व कारागिराचा मार्ग मोकळा होतो, याचा पुरावा आपल्याच कायद्यात आहे.

तरीही एक मोठी फट शिल्लक आहे. वनहक्क कायद्याचे लाभार्थी वननिवासी आहेत. लाकडावर काम करणारा कारागीर पुष्कळदा जवळच्या गावात किंवा लहान शहरात राहतो. तो वननिवासी नाही, म्हणून त्याला हक्क नाही. तो व्यापारी नाही, म्हणून लिलावात उतरण्याची त्याची ऐपत नाही. लिलाव घनमीटरमध्ये होतो. त्याची गरज मोळीची असते.

प्लॅस्टिकबंदीने उघडलेला बाजार

दरम्यान मागणीच्या बाजूने एक महत्त्वाचा बदल घडला. १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. चमचे, काटे, सुऱ्या, ताटल्या, पेले यांचा त्यात समावेश आहे. लाकडी चमच्याला यामुळे नवी मागणी आली. परंतु ती मुख्यतः यंत्रावर पातळ फळीतून ठोकून काढलेल्या, एकदाच वापरायच्या चमच्याला. हस्तकारागिराने त्या किमतीशी स्पर्धा करण्याचा प्रयत्न करू नये. तो त्यात हरेल आणि त्याची गरजही नाही. हाताने कोरलेला चमचा वर्षानुवर्षे टिकतो; नॉनस्टिक तव्याला तो ओरखडा पाडत नाही; आंबट पदार्थाशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. त्याची खरी बाजारपेठ टिकाऊ स्वयंपाकसाहित्य, पर्यटनस्थळे, गिर्यारोहण व निसर्गशिबिरे आणि शहरातील जाणकार ग्राहक ही आहे.

शिबिरांच्या संदर्भात शिक्षणाचा मुद्दाही येतो. स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेस येथे शिक्षकांसाठी लाकूडकामाचे जे शिक्षण सुरू केले, ते 'स्लॉइड' या नावाने जगभर पोहोचले. साध्या सुरीने उपयोगाची वस्तू घडवताना मुलाचे हात, डोळे आणि विचार एकत्र काम करतात, हे त्यामागचे सूत्र होते. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचा पाया वेगळा होता, पण हातकामातून शिक्षण ही श्रद्धा तीच होती. शालेय शिबिरात विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एक चमचा कोरला तर त्याला त्या वस्तूच्या योग्य किमतीची जाण आयुष्यभर राहील. आणि त्याला शिकवणारा कारागीर मानधनाचा हक्कदार शिक्षक ठरेल.

एक साधा हिशेब

किंमत आणि पुरवठा यांपैकी कशाचे महत्त्व अधिक, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. समजा, तीन स्त्रियांचा गट दिवसाला २० चमचे करतो. चमच्याला ६० रुपये मिळतात आणि लाकूड, तेल वगैरेंवर १० रुपये खर्च होतात. लाकूड वेळेवर न मिळाल्याने महिन्यात २५ ऐवजी १५ दिवसच काम होते. गटाचे निव्वळ उत्पन्न १५,००० रुपये. आता प्रदर्शन, जाहिरात, आकर्षक वेष्टन यांमुळे भाव १० टक्क्यांनी वाढून ६६ रुपये झाला असे मानू. उत्पन्न १६,८०० रुपये होईल. भाव तोच ठेवून केवळ लाकडाचा पुरवठा सुधारला आणि कामाचे दिवस १५ वरून २० झाले, तर उत्पन्न २०,००० रुपये होईल. पहिल्या उपायाने १२ टक्के वाढ, दुसऱ्याने ३३ टक्के. पूर्ण २५ दिवस काम मिळाले तर ते २५,००० रुपयांवर जाते. बाजारपेठेला महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. वाढीव माल खपला पाहिजे, हे या हिशेबातील गृहीत आहेच. पण शासकीय खर्चाचा झोत प्रदर्शनांवर असताना रिकामे जाणारे दहा दिवस कोणाच्याही अहवालात दिसत नाहीत.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या व्यवस्थापन आराखड्यात 'कारागिरी लाकूड' असा स्वतंत्र घटक असावा. कोणत्या जातीच्या झाडांच्या फांद्या, कोणत्या महिन्यात, किती छाटायच्या हे ठरवून ग्रामसभा आणि कारागिरांचा बचत गट यांच्यात वार्षिक करार व्हावा. छाटणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या झाडांच्या बाबतीत हा पुरवठा झाड न मारता वर्षानुवर्षे चालू शकतो. मर्यादा मात्र काटेकोर हवी. अनिर्बंध छाटणीने जंगल उघडे पडते आणि उद्योगाचा पायाच खचतो.

दुसरी गोष्ट, वनाबाहेरील लाकूड. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाने शेतातील झाडांना उत्तेजन दिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाहतूक परवान्यांची ऑनलाइन राष्ट्रीय प्रणाली सुरू झाली. बांधावरील झाडांच्या फांद्या हा कारागिराचा सर्वांत निर्धोक स्रोत आहे. शहरांतही पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते आणि त्या फांद्यांची वाट सहसा जळण किंवा कचरा डेपो हीच असते. त्यांतील अन्नाला योग्य अशा जातींचे लाकूड निवडून नोंदणीकृत कारागीर गटांना देणे नगरपालिकांना जवळजवळ विनाखर्च शक्य आहे.

तिसरी गोष्ट, अवजारे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार दोघेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत सवलतीचे कर्ज अशी तिची रचना आहे. चमचा कोरणाऱ्याला विजेच्या रंध्यापेक्षा चांगल्या पोलादाची वळवलेली सुरी आणि हलकी वाकस अधिक उपयोगी पडेल. ही अवजारे स्थानिक लोहाराकडून घडवून घेतली तर एकाच रुपयाने दोन कारागीर उभे राहतील. ओसरीवर बसून चमचा घासणारी स्त्रीही स्वतःच्या नावाने 'सुतार' म्हणून नोंदली जावी, याकडे मात्र लक्ष द्यावे लागेल.

चौथी गोष्ट, विश्वासार्हता. कोणते लाकूड वापरले, ते कोठून आले आणि कोणते तेल लावले, ही माहिती देणारी साधी चिठ्ठी प्रत्येक वस्तूबरोबर असावी. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या भांड्यावर चकाकीसाठी वॉर्निश लावण्याचा मोह टाळला पाहिजे. वैध लाकडाचा दाखला ही ग्राहकासाठी हमी आणि कारागिरासाठी संरक्षण, अशी दुहेरी भूमिका बजावेल.

या चारही सूचनांसाठी नवा कायदा किंवा मोठी तरतूद लागत नाही. त्यांसाठी वनखाते, ग्रामसभा, नगरपालिका आणि हस्तकला विभाग यांनी एकाच टेबलाभोवती बसण्याची गरज आहे. जंगल राखणे आणि कारागीर जगवणे यांत विरोध आहे, अशी समजूत बुंधा मोजण्याच्या सवयीतून निर्माण झाली. फांदीचा हिशेब मांडला तर दोन्ही उद्दिष्टे एका दिशेला येतात. कारण ज्याची रोजची भाकर पुढच्या वर्षीच्या फुटव्यावर अवलंबून आहे, त्याच्याइतका झाडाचा जागरूक राखणदार शासनाला पगार देऊनही मिळणार नाही.